कोयनेच्या एका आकड्याची वंशावळ

धरण भूकंपात कसे वागते याचे गणित शिकणाऱ्या विद्यार्थ्याच्या हाती बहुतेक वेळा पहिल्यांदा कोयनाच दिली जाते. ‘अ‍ॅबॅकस’ नावाच्या संगणक-प्रणालीच्या उदाहरणसंग्रहात कोयनेचा छेद आहे. तो घेऊन देशोदेशीच्या विद्यार्थ्यांनी इतके निबंध लिहिले, की ज्यांनी सह्याद्री नकाशावरही पाहिलेला नाही त्यांनाही या धरणाची उंची तोंडपाठ असते. उंची १०३ मीटर, पाण्याची पातळी ९१.७५ मीटर. पुढे काँक्रीटचे गुणधर्म येतात. घनता दर घनमीटरला २,६४३ किलो, स्थितिस्थापकतेचा गुणांक ३१,०२७ मेगापास्कल, दाब सोसण्याची ताकद २४.१ मेगापास्कल आणि ताण सोसण्याची ताकद २.९ मेगापास्कल.

यातला शेवटचा आकडा सगळ्यात महत्त्वाचा. धरणाला तडा कधी, कुठे आणि किती खोल जाईल, हे तोच ठरवतो. इतक्या वेळा छापला गेल्यामुळे तो कोयनेच्या काँक्रीटचा नमुना यंत्रात ओढून, तुटेपर्यंत ताणून मिळवला असेल असे वाचणाऱ्याला वाटते. उपलब्ध कागद एकापुढे एक ठेवले की निराळे चित्र दिसते.

पहिला धागा त्या आकड्यांच्या नेमकेपणातच आहे. घनता २,६४० नाही, २,६५० नाही, २,६४३. गुणांक ३१,००० नाही, ३१,०२७. काँक्रीटसारख्या रांगड्या पदार्थाचा गुणांक पाच आकडी अचूकतेने कोणी मोजत नाही. एकाच धरणातून काढलेल्या दोन नमुन्यांत याहून कितीतरी मोठा फरक पडतो. पण १६५ पौंड प्रति घनफूट हा आकडा मेट्रिकमध्ये बदलून पाहा, २,६४३ येतात. ४५ लाख पौंड प्रति चौरस इंच बदला, जवळपास ३१,०२७ येतात. ३,५०० पौंड प्रति चौरस इंचाचे २४.१ मेगापास्कल होतात. म्हणजे मुळात हे गोल, हातचे राखून लिहिलेले आकडे होते. ती सगळी अचूकता रूपांतराच्या गुणाकारात जन्मली.

ताणाचा आकडा त्याच घरचा आहे. कॅलिफोर्नियातल्या बर्कली विद्यापीठाचे अनिल चोप्रा आणि त्यांचे सहकारी पी. चक्रवर्ती यांनी १९७३ साली अमेरिकेच्या भूकंपशास्त्रीय संस्थेच्या पत्रिकेत १९६७ च्या भूकंपात कोयनेच्या झालेल्या नुकसानीचे विश्लेषण छापले. या विश्लेषणात काँक्रीटची ताणाची ताकद ३५० पौंड प्रति चौरस इंच धरली आहे, आणि तो अंदाज आहे हे लपवलेले नाही. ३,५०० चा दहावा हिस्सा ३५०. संगणक-प्रणालीच्या पुस्तिकेतही हिशेब उघड मांडला आहे: दाबाच्या ताकदीचा दहावा हिस्सा घ्या, भूकंपाचा भार झटक्यात येतो म्हणून त्याला १.२ ने गुणा. २४.१ चा दहावा हिस्सा २.४१, आणि १.२ ने गुणल्यावर २.९. पुस्तिका प्रामाणिक आहे. तिच्यावरून उतरवून घेणाऱ्यांनी मात्र आकडा ठेवला आणि त्यामागचे वाक्य गाळले.

हे सगळे ज्या पहाटेच्या भूकंपामुळे झाले, त्याच्या तारखेपासूनच कागदांत दोन मते सापडतात. आपल्याकडच्या नोंदीत ११ डिसेंबर १९६७, पहाटे ४ वाजून २१ मिनिटे. जागतिक यादीत १० डिसेंबर, रात्री १० वाजून ५१ मिनिटे. ग्रिनिच वेळेचा साडेपाच तासांचा फरक, बाकी काही नाही. तरी एकच भूकंप दोन दिवशी झालेला दिसतो. तीव्रताही कुठे ६.३ तर कुठे ६.५ आढळते. पावणेदोनशेहून अधिक माणसे गेली आणि कोयनानगरातली बहुतेक घरे पडली किंवा राहण्यालायक उरली नाहीत. नवी मुंबईत घणसोलीच्या सिम्प्लेक्स वसाहतीतल्या माथाडी कुटुंबांत कोयनेच्या परिसरातली, पाटण-जावळीकडची माणसे पुष्कळ आहेत. त्यांच्या वडीलधाऱ्यांना या पहाटेची तारीख सांगण्यासाठी कुठल्या यादीची गरज नाही.

सगळ्यात मोलाचा कागद मात्र माणसाने लिहिलेला नाही. धरणाच्या आत १-अ क्रमांकाच्या खंडातल्या गॅलरीत बसवलेल्या यंत्राने हादऱ्याची रेघ उमटवली. तीत धरणाच्या लांबीच्या दिशेने गुरुत्वाकर्षणाच्या ०.६३ पट, नदीच्या प्रवाहाच्या दिशेने ०.४९ पट आणि उभ्या दिशेने ०.३४ पट इतका कमाल प्रवेग सापडला. धरणाचा आराखडा करताना भूकंपासाठी धरलेला आडवा गुणांक होता ०.०५. प्रवाहाच्या दिशेने पाहिले तर गृहीत आणि प्रत्यक्ष यांत जवळजवळ दहापट अंतर. अर्थात या दोन आकड्यांची सरळ तुलना थोडी अन्यायाची आहे. ०.०५ हा सगळ्या उंचीभर एकसारखा लावलेला स्थिर भार आणि ०.४९ हे क्षणभराचे शिखर. पण तो ०.०५ घेऊन केलेल्या हिशेबात धरणात ताण निघतच नव्हता, आणि धरण तर तडकले.

तडे कुठे गेले हेही नोंदलेले आहे. सांडव्याचा भाग सोडून दोन्ही बाजूंच्या उंच खंडांत, पायापासून सुमारे ६६.५ मीटर उंचीवर, आडवे. तडे पाण्याकडच्या अंगालाही गेले आणि खालच्या अंगालाही. बरोबर त्याच उंचीवर खालच्या अंगाचा उतार एकदम बदलतो. तिथून खाली धरण पसरत जाते, वर जवळजवळ उभी भिंत असते. गणित करणारे या जागेला धरणाची मान म्हणतात. चोप्रा-चक्रवर्ती यांच्या हिशेबात याच मानेपाशी पाण्याकडच्या बाजूला ६०० पौंडांहून जास्त आणि खालच्या बाजूला ९०० पौंडांहून जास्त ताण निघाला. ३५० च्या अंदाजाशी ताडले तर सुमारे दुप्पट ते अडीचपट. तडा जिथे गणिताने दाखवला तिथेच प्रत्यक्षात गेला होता. त्यामुळे ३५० हा आकडाही खरा ठरल्यासारखे झाले. माझ्या मते इथेच गफलत होते. ताकद ३५० ऐवजी ५०० असती तरी तडा त्याच जागी गेला असता. तड्याची जागा ही धरणाच्या आकाराची साक्ष आहे. काँक्रीटच्या ताकदीबद्दल ती फार थोडे बोलते.

मग ३,५०० सारखा दाबाचा आकडा तरी कसा निघतो? त्यासाठी कोयनेला जायला नको. घणसोली गावाभोवती सिडकोने आखलेल्या सेक्टरांत जिथे इमारतीचे काम चालू आहे, तिथे पाण्याच्या हौदात काँक्रीटचे ठोकळे बुडवून ठेवलेले असतात. कामावर त्यांना ‘क्यूब’ म्हणतात. क्यूब भरायचा, क्यूब बुडवायचा, क्यूब फोडायचा. रीत १९५९ च्या भारतीय मानक ५१६ पासून फारशी बदललेली नाही. बिडाच्या किंवा पोलादाच्या साच्याची प्रत्येक बाजू १५ सेंटिमीटर, आत तेलाचा हात. मालाचे तीन थर, आणि हाताने ठोकायचे तर १६ मिलिमीटरच्या गोल टोकाच्या सळईचे प्रत्येक थराला किमान ३५ ठोके. दुसऱ्या दिवशी साचा उघडून ठोकळ्यावर तारीख आणि मालाची प्रत रंगवायची आणि २७ अंशांच्या आसपासच्या पाण्यात ठेवायचा. ७ व्या दिवशी काही फोडायचे, २८ व्या दिवशी बाकीचे.

फोडताना ठोकळा आडवा करून ठेवतात, कारण भरताना वर असलेली बाजू थापीने कितीही घोटली तरी पुरती सपाट नसते. साच्याला टेकलेल्या दोन बाजू यंत्राच्या पोलादी पाट्यांमध्ये येतात. भार दर मिनिटाला दर चौरस सेंटिमीटरला १४० किलो या गतीने वाढवायचा. ठोकळ्याची एक बाजू २२५ चौरस सेंटिमीटरची, म्हणजे मिनिटाला साडेएकतीस टन. ३,५०० पौंड प्रति चौरस इंच म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला २४६ किलो. तेव्हा कोयनेच्या ताकदीचा ठोकळा सुमारे ५५ टनांवर, भार सुरू झाल्यापासून पावणेदोन मिनिटांनी फुटेल. आधी कडेने बारीक करकर, मग चारही बाजूंचे पापुद्रे सुटतात, काटा मागे येतो आणि मध्ये डमरूसारखा आकार उरतो. बाजू फुटून निघाल्या आणि वर-खाली निमुळते सुळके राहिले तर ठोकळा नीट फुटला असे मानतात. एकाच कोपऱ्यातून चिरला तर पाट्या नीट टेकल्या नव्हत्या. तीन ठोकळ्यांची सरासरी घ्यायची, आणि एखादा सरासरीपासून १५ टक्क्यांहून दूर गेला तर निकाल धरायचा नाही.

हा २४.१ मेगापास्कल म्हणजे आजच्या भाषेत जवळपास एम-२५. घणसोलीतल्या टॉवरच्या स्लॅबला एम-२५ किंवा एम-३० माल सर्रास वापरला जातो. धरणाचे काँक्रीट काही दैवी ताकदीचे नव्हते; साधा, चांगला माल होता.

पण कोयनेचे काँक्रीट डबराचे आहे. ओल्या काँक्रीटच्या थरात मोठमोठे दगड बसवून, दाबून त्यांच्याभोवती माल भरायचा, ही त्याची पद्धत. सिमेंट वाचते, सिमेंट मुरताना होणारी उष्णता कमी राहते, आणि सह्याद्रीत काळा दगड हवा तेवढा. १६५ पौंडांची घनताही या दगडानेच आली असणार. नेहमीचे काँक्रीट घनमीटरला २,४०० किलोच्या आसपास भरते. आता १५ सेंटिमीटरच्या साच्यात ३८ मिलिमीटरपर्यंतची खडी चालते. तिच्याहून मोठी असेल तर ती ओल्या मालातून चाळून काढायची आणि उरलेल्याचा ठोकळा भरायचा, ही जगभरची रीत. डबर तर साच्यात मावणारच नाही. म्हणजे ठोकळा फुटतो तेव्हा दगडांमधल्या मालाची परीक्षा होते. दगड आणि माल यांच्या सांध्याची, आणि काल ओतलेल्या थरावर आज ओतलेल्या थराच्या सांध्याची परीक्षा त्यात होत नाही. आडवा तडा बहुधा अशाच सांध्याची वाट धरतो.

अमेरिकनांनी हूव्हर धरणाच्या वेळी ही अडचण पैशाच्या जोरावर सोडवली. पूर्ण आकाराची खडी घालून ३६ इंच व्यासाची, ७२ इंच उंचीची नळकांडी भरली आणि ती फोडण्यासाठी अवाढव्य यंत्र उभे केले. मोठे नळकांडे लहानापेक्षा कमी ताकदीचे भरते हे त्यातून कळले. १९५० च्या दशकात आपल्याकडे असली चैन कोणी सुचवली असती तर त्याला खुळ्यात काढले असते.

दाबाची परीक्षा अशी अपुरी, पण निदान ती रोज होते. ताणाची होतच नाही म्हटले तरी चालेल. काँक्रीटचा तुकडा दोन्ही टोकांनी धरून ओढायचा म्हणजे पकड जराही तिरकी असून चालत नाही. तुकडा मध्ये तुटण्याऐवजी पकडीपाशी तुटतो. यावर आडमार्ग काढला तो ब्राझीलच्या फर्नांदो लोबो कार्नेरो यांनी, १९४३ साली. रिओ द जानेरोत नवा हमरस्ता काढताना एक जुने चर्च आडवे येत होते. ते काँक्रीटच्या रुळांवरून सरकवण्याचा बेत होता. रुळांची ताकद पाहताना कार्नेरोंच्या लक्षात आले की आडव्या रुळावर वरून दाब दिला की तो चिरडत नाही, उभा दुभंगतो. म्हणजे वरच्या दाबाने आत आडवा ताण तयार होतो. त्यावरून सूत्र बसले आणि दाबाच्या साध्या यंत्रात ताणाची परीक्षा करता येऊ लागली. चर्च शेवटी हलवलेच नाही, पाडले. परीक्षा मात्र ‘ब्राझिलियन’ या नावाने जगभर गेली. आपल्याकडे तिचे स्वतंत्र मानक, ५८१६ क्रमांकाचे, १९७० साली आले. कोयनेचे धरण त्याच्या आधीच बांधून, भरून, तडकून झाले होते.

मानक आल्यानंतरही सवय बदलली नाही. घणसोलीतल्या इमारतीचा आराखडा करणारा अभियंता आज ताणाची ताकद मोजायला सांगत नाही. भारतीय मानक ४५६ त्याला सूत्र देते: दाबाच्या ताकदीच्या वर्गमुळाला ०.७ ने गुणा, वाकवताना तडकण्याची ताकद मिळेल. एम-२५ साठी ३.५ मेगापास्कल. त्याला याहून जास्त जाणायची गरजही नसते, कारण स्लॅबमध्ये ताण घ्यायला सळ्या आहेत. गुरुत्व धरणाच्या पोटात मात्र असे सळ्यांचे जाळे नसते. तिथे ताण आला तर तो काँक्रीटनेच सोसायचा. जो गुण इमारतीत दुय्यम, तो भूकंपाच्या वेळी धरणात सर्वस्व. आणि अंदाजाने भागवला जातो तो नेमका हाच.

राहिला १.२ चा गुणक. प्रयोगशाळेतला ठोकळा पावणेदोन मिनिटे भार झेलत फुटतो. कोयनेच्या उंच खंडाचा स्वाभाविक झोका हिशेबाने सेकंदाच्या सुमारे एक-तृतीयांशाचा. म्हणजे मानेपाशी ताण शून्यापासून शिखरापर्यंत चढायला सेकंदाचा दहावा भागही लागत नाही. इतक्या झटक्यात काँक्रीट जास्त ताण सोसते, कारण बारीक चिरांना दगड चुकवून वाट शोधायला वेळ मिळत नाही. त्या दगडातूनच जातात. हा वाढावा किती धरायचा, यावर बर्कलीच्याच जेरोम राफाएल यांनी १९८४ साली मोठा निबंध लिहिला. धरणांतून काढलेल्या गाभ्यांच्या जलद चाचण्या तपासून त्यांनी १.५ चा गुणक सुचवला, आणि दाबावरून ताण काढण्याचे सूत्रही सरळ दहाव्या हिश्श्याऐवजी दोन-तृतीयांश घाताचे दिले.

राफाएल यांचे सूत्र कोयनेला लावून पाहिले. ३,५०० पौंडांवरून साधी ताणाची ताकद ३९२ निघते, भूकंपातली सुमारे ६००. सरळ रेषेच्या गणिताशी तुलना करताना वापरायची म्हणून ते आणखी एक वाढीव ताकद सांगतात, ती ७८४ येते. चोप्रा-चक्रवर्ती यांचे ६०० आणि ९०० हे आकडे या ७८४ शेजारी ठेवले तर पाण्याकडची बाजू वाचते आणि खालची तडकते. प्रत्यक्षात दोन्ही बाजूंना तडे होते. पण खालची बाजू आधी तडकली की भार दुसरीकडे सरकतो, तेव्हा यात विसंगती आहे असे म्हणता येत नाही. एकच धरण, एकच भूकंप, आणि ताकद ३५० धरा की ७८४, तडा समजावून देता येतो.

वंशावळीची दुसरी शाखा उलट्या दिशेला गेली. १९९२ साली जोइया, बाझांत आणि पोल यांनी याच छेदावर वेगळा प्रश्न घेतला: भूकंप नाही, पण पूर माथ्यावरून वाहू लागला तर? तिथून पुढे पुराच्या हिशेबांत कोयनेच्या ताणाची ताकद १ मेगापास्कल आणि घनता २,४५० रूढ झाली. भूकंपवाल्यांची कोयना २.९ ची आणि २,६४३ ची, पूरवाल्यांची १ ची आणि २,४५० ची. दोन्ही गटांचे निबंध कधी कधी एकाच अंकात शेजारी छापले जातात आणि कोणाला वावगे वाटत नाही. सावधपणे कमी धरलेला आकडा म्हणून १ चे समर्थन करता येईल. पण मग धरणाचे नाव न घेता ‘एक नमुना छेद’ म्हणावे.

बर्कलीत निवा आणि क्लॉफ यांनी १९८० साली कागद सोडून कोयनेच्या एका खंडाची छोटी प्रतिकृतीच हलत्या टेबलावर ठेवली. तिथे पुन्हा पदार्थाचाच प्रश्न आला. प्रतिकृती शंभरपट लहान करायची आणि घनता तीच ठेवायची, तर तिची ताकदही शंभरपट कमी हवी; खरे काँक्रीट वापरले तर ती कधी तडकणारच नाही. म्हणून प्लास्टरचे मुद्दाम कमकुवत केलेले मिश्रण बनवावे लागले. ती मानेपाशीच तडकली.

कोयनेवर काम करणाऱ्या अभियंत्यांना यातल्या कुठल्याही निबंधाची वाट पाहायला वेळ नव्हता. तड्यांत इपॉक्सी भरण्यात आले, उंच खंड पोलादी केबलींनी ताणून बांधले गेले आणि पुढे बिनसांडव्याच्या खंडांना खालच्या अंगाने काँक्रीटचे आधारखांब जोडून मानेची जागाच जाड केली. त्यामुळे विद्यार्थ्यांच्या संगणकातला तो बारीक मानेचा छेद आज नदीवर त्या रूपात उभा नाही. भूकंपाच्या भारतीय मानकाच्या १९७० च्या आवृत्तीत कोयनेचा परिसर चौथ्या विभागात गेला. १९६२ च्या पहिल्या आवृत्तीने दख्खनच्या पठाराला जवळपास निर्धोक मानले होते. सांडव्याच्या खंडांना १९६७ साली इजा झाली नव्हती. तरी त्यांचेही मजबुतीकरण हाती घेतले गेले आणि २००६ पर्यंत ते पूर्ण झाले.